‘पड’, ‘पडीक’ आणि ‘पडकई’ : सह्याद्रीतील भूवापर व मृद्संधारण यांच्या परिभाषेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

डोंगराळ मुलखातील जमिनीचा वापर आणि तिच्या मातीचे रक्षण यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत विपुल लेखन झाले आहे. आयोगांचे अहवाल, जमाबंदीची कागदपत्रे, कृषिखात्याच्या सूचना, संशोधकांचे निबंध आणि अलीकडच्या तज्ज्ञसमित्यांची निवेदने असा त्याचा मोठा विस्तार आहे. त्याचे परीक्षण भूगोलज्ञांनी, कृषिशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी आपापल्या अंगाने केले. मात्र हे सारे प्रथमतः लेखन आहे, त्यात शब्दांची निवड आहे, वर्गवारी आहे, कर्ता सांगणारी वा झाकणारी वाक्यरचना आहे, या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले गेले. जमीन नांगराखाली अथवा यंत्राखाली येण्यापूर्वी ती कोणत्या तरी रकान्यात येते. तो रकाना तिला जे नाव देतो त्यावरून तिच्यावर पुढे काय करावयाचे हे पुष्कळ अंशी ठरून जाते. यास्तव परिभाषेची चिकित्सा हा केवळ शब्दकोशकाराचा विरंगुळा नव्हे. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी या गावांची नावे ज्या प्रदेशात दुर्घटनांची नावे होऊन बसली, त्या प्रदेशापुरता तरी हा प्रश्न माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

येथे विचारासाठी सह्याद्रीचा महाराष्ट्रातील भाग घेतला आहे. बेसाल्टाचे आडवे थर, त्यांवर झिजून तयार झालेले मातीचे आवरण, माथ्यावर व कोकणच्या सड्यांवर जांभा, आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस ही या प्रदेशाची ठळक लक्षणे होत. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस काही कोसांवर, पर्जन्यछायेत, तो ५००–६०० मिलिमीटरांवर येतो. एकाच जिल्ह्यात सामावणारे हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

२. वरकस आणि राब : उताराचे व्याकरण

कोकणच्या व घाटमाथ्याच्या शेतकऱ्याच्या बोलीत जमिनीची नावे प्रायः उतारावरील स्थान सांगतात. माथ्यावर सडा, त्याखाली वरकस, त्याहून खाली माळ व भाताची खाचरे, आणि खाचरांच्या कडेने मेर, अशी ही उतरंड आहे. ‘वरकस’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला असून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या जमाबंदीत तो पारिभाषिक म्हणून स्थिरावला. उथळ, हलक्या मातीची ही उताराची जमीन. तीवर पहिल्या वर्षी नाचणी, पुढील वर्षी वरी, त्यानंतर कारळा किंवा हरीक असे पीक काढून ती काही वर्षे मोकळी सोडावयाची, त्या अवधीत तीवर गवत व झुडपे वाढू द्यावयाची, आणि मग पुन्हा नाचणीकडे वळावयाचे, असा क्रम होता. त्या मोकळ्या वर्षांतही जमीन कामात असे. तेथील गवत, पाला व टहाळ राबासाठी खाली येई. तो भाताच्या रोपवाटिकेवर शेणासह पसरून पावसाळ्यापूर्वी जाळला जाई, आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचे बी पडे.

सारांश, वरकस आणि खाचर ही दोन स्वतंत्र शेते नव्हती. खाचराचे रोप वरकसावर अवलंबून होते, खाचराची मातीही काही अंशी वरूनच उतरलेली होती. भाषेच्या उपमेने बोलावयाचे तर ‘वरकस’ या पदाचा अर्थ त्याच्या वाक्यातील स्थानावरून ठरत असे. त्यास एकटे उचलून त्याची किंमत करणे शक्य नव्हते.

राज्यकर्त्यांच्या लेखनात हे वाक्य प्रथम तुटले ते वनांच्या निमित्ताने. १८७८च्या वनकायद्यानंतर ठाणे-कुलाब्यात राबासाठी टहाळ तोडण्यावरून जो असंतोष माजला, त्याच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्या वादाची मध्यवर्ती मांडणी टहाळ तोडणे हा रयतेचा हक्क की सरकारने दिलेली सवलत, अशी होती. प्रश्न एकदा अशा शब्दांत विचारला गेल्यावर राब हा झाडांच्या नुकसानीचा विषय बनला. उताराच्या शेतीची एक परस्परसंबद्ध पद्धती म्हणून त्याचा विचार मागे पडला. पुढे हॅरल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली राबपद्धतीवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात तिची परीक्षा शेतीची पद्धत म्हणून प्रयोगाने केली, ही त्या काळातील स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि प्रयोगशाळेतही तपासले गेले ते रोपवाटिकेतील राखेचे व उष्णतेचे कार्य. पाला जेथून आला त्या उताराचे काय, हा प्रश्न वनखात्याकडे राहिला आणि भाताचा प्रश्न कृषिखात्याकडे गेला.

३. कर्ता हरपलेली क्रियापदे

मराठीत ‘जमीन पड ठेवली’ आणि ‘जमीन पडीक आहे’ ही दोन वाक्ये एका धातूपासून निघालेली असली तरी त्यांचा व्यवहार भिन्न आहे. पहिल्यात कर्ता आहे, हेतू आहे, आणि ‘ठेवणे’ या क्रियापदामुळे पुन्हा उचलण्याची अपेक्षाही आहे. पैसा ठेवावा, बी ठेवावे, तशी जमीन पड ठेवावयाची. दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही, काळ नाही. उरला आहे तो एक गुण, आणि तोही उणेपणाचा. पडीक घर, पडीक विहीर या प्रयोगांत जी मोडकळीची छटा आहे ती जमिनीलाही चिकटते.

शासकीय वर्गीकरणाने यांपैकी दुसरे वाक्य पत्करले. देशातील भूवापराची आकडेवारी स्वातंत्र्योत्तर काळात नऊ वर्गांत मांडली जाऊ लागली. त्या वर्गांत ‘चालू पड’ म्हणजे त्या वर्षापुरती न पेरलेली जमीन; ‘इतर पड’ म्हणजे एक वर्षाहून अधिक परंतु पाच वर्षांपर्यंत न पेरलेली; आणि पाच वर्षांच्या पुढे गेलेली जमीन ‘लागवडीलायक पडीक’ या वर्गात जाते. मैदानी प्रदेशात ही रचना समजण्यासारखी आहे. तेथे पाच वर्षे न पेरलेले शेत बहुधा खरोखरच सोडून दिलेले असते. पण ज्या वरकसाचा विसावाच तितका किंवा त्याहून लांब, त्याच्याबाबतीत कोष्टक एक विलक्षण गोष्ट करते. जमीन जितकी अधिक विसावेल, तीवर जितके अधिक गवत व झुडूप वाढेल, मातीला जितके अधिक आच्छादन मिळेल, तितकी ती कागदावर खालच्या वर्गात उतरते. मृद्संधारणाच्या दृष्टीने जो काळ सर्वांत लाभाचा तोच काळ आकडेवारीत उपेक्षेचा पुरावा ठरतो.

याचा परिणाम केवळ नामकरणापुरता राहत नाही. ‘लागवडीलायक पडीक’ या शब्दसमूहातच पुढील कार्यक्रमाचे बीज आहे: जे लायक असून पडीक आहे ते लागवडीखाली आणले पाहिजे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून महाराष्ट्रात फळबाग लागवडीचा मोठा कार्यक्रम सुरू झाला व कोकणातील वरकसावर आंबा-काजूच्या बागा झपाट्याने पसरल्या. त्या कार्यक्रमाने अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे साधन दिले, हे नाकारता येणार नाही. मुंबईच्या पैशावर तगलेल्या गावांना गावातच रोजगार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. टीका आहे ती एवढीच की ज्या जमिनीचा वापर बदलला, तीस आधी काही वापर होता याची नोंदच हिशेबात नव्हती. शून्याची बाग झाली असा तो हिशेब होता; प्रत्यक्षात एका वापराची दुसऱ्या वापराशी अदलाबदल झाली होती.

राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांतही हाच दोष अधिक ठळक आहे. तेथे फिरत्या शेतीचे क्षेत्र पडीक जमिनीच्या वर्गात येते, तसेच उघडा खडकाळ प्रदेशही येतो. कोकणातील कातळसडे पावसाळ्यात गवताने व रानफुलांनी भरून जातात. कासचे पठार तर २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारशात समाविष्ट झाले. एका यादीत ज्याला ओसाड म्हणावयाचे त्याच जातीच्या भूमीला दुसऱ्या यादीत वारसा म्हणावयाचे, ही विसंगती निसर्गात नाही; ती याद्यांत आहे.

४. ‘धूप’ कोणाची, ‘हानी’ कोणाची

मृद्संधारणाच्या लेखनात सर्वाधिक उद्धृत होणारा भारतीय आकडा १९८३ सालचा आहे. ध्रुवनारायण व राम बाबू यांनी देशातील वार्षिक मृदाक्षय सुमारे ५३३ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.३५ टन, असल्याचा अंदाज मांडला. हा आकडा पाठ्यपुस्तकांतून व प्रस्तावनांतून इतक्या वेळा आला आहे की त्याच निबंधातील दुसरी माहिती विस्मरणात गेली. त्यांच्या मते या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रास मिळते, १० टक्के जलाशयांत साठते, आणि उरलेली ६१ टक्के एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. म्हणजे ज्याला सरसकट ‘हानी’ म्हटले जाते त्याचा अर्ध्याहून मोठा भाग स्थलांतर आहे.

सह्याद्रीच्या उतारावर या भेदाला फार अर्थ आहे. ओघळाच्या तोंडाशी दगडी बांध घालून वरून येणारी माती वर्षानुवर्षे अडवावयाची आणि त्या गाळाचे खाचर करावयाचे, ही डोंगरी शेतीची जुनी रीत. वरच्या शेताची धूप ती खालच्या शेताची भर. या व्यवहारात नुकसान होतच नाही असे नव्हे; वरकसाचा मालक आणि खाचराचा मालक वेगळे असले, आणि खोतीच्या काळात ते पुष्कळदा वेगळे असत, तर एकाची गरिबी दुसऱ्याच्या खाचरात साठे. परंतु हा अन्याय ओळखण्यासाठीसुद्धा ‘माती कोठून गेली’ याच्याबरोबर ‘माती कोठे आली’ हे विचारावे लागते. हेक्टरी सरासरी टनांच्या भाषेत हा दुसरा प्रश्न उच्चारताच येत नाही.

दुसरी अडचण मोजणीच्या सूत्राची आहे. विशमायर व स्मिथ यांनी १९६५ साली व पुढे सुधारून १९७८ साली मांडलेले मृदाक्षयाचे सार्वत्रिक समीकरण आज जगभर वापरले जाते. पावसाची मारकता, मातीची धूपशीलता, उताराची लांबी व तीव्रता, वनस्पतीचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय या घटकांचा तो गुणाकार आहे. समीकरण ज्या निरीक्षणांवर उभे राहिले ती मुख्यतः अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील शेतांवरची. त्याचा प्रमाण तुकडा सुमारे २२ मीटर लांब व ९ टक्के उताराचा. पृष्ठभागावरून पाण्याबरोबर वाहणाऱ्या मातीचा दीर्घकालीन अंदाज हे त्याचे कार्य. ओघळी खोल जाणे अथवा अख्खा उतार घसरणे त्यात येत नाही, आणि त्याच्या कर्त्यांनी तसा दावाही केलेला नाही. दावा केला तो ‘सार्वत्रिक’ या विशेषणाने, आणि वाचकाने तो खरा मानला.

मराठी या ठिकाणी परिभाषेहून अधिक नेमकी आहे. ‘धूप’ होते, ‘दरड’ कोसळते. धूप वर्षानुवर्षे कणाकणाने चालते. दरड एका क्षणात, आवरणासह, घरांसह खाली येते. लोकभाषेने हे दोन व्यापार वेगळ्या नामांनी व वेगळ्या क्रियापदांनी सांगितले असता शास्त्रीय मराठीने ते ‘मृदाक्षय’ या एकाच छत्राखाली घ्यावे, हे परिभाषेचे पाऊल मागे पडल्याचे लक्षण आहे.

५. एका द्वंद्वसमासाचे परिणाम

‘मृद व जलसंधारण’ हा शब्दप्रयोग आता खात्याचे नाव होऊन रूढ झाला आहे. मृद् आणि जल या दोहोंचे संधारण असा त्याचा विग्रह. द्वंद्वात दोन्ही पदे समान दर्जाची असतात आणि त्यांचे हित एकच आहे असे गृहीत धरले जाते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही महाराष्ट्रात सर्वतोमुखी झालेली घोषणा याच गृहीतावर उभी आहे: पाणी अडले की माती थांबते, पाणी जिरले की विहिरी भरतात.

हे गृहीत जेथे तयार झाले तेथे ते खरे आहे. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर समपातळी बांधांचे काम दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात वाढले, १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांनी ते गावोगाव नेले. सौम्य उतार, तुटपुंजा पाऊस, तहानलेली जमीन अशा त्या मुलखात मातीचे व पाण्याचे हित एकत्र नांदते. घाटमाथ्याच्या तीव्र उतारावर मात्र हे द्वंद्व फुटते. तेथे कठीण खडकावर झिजलेल्या मातीचे आवरण टेकलेले असते. पाऊस संततधार लागला की ते आवरण पाण्याने भरते, त्याचे वजन वाढते, कणांच्या दरम्यान साचलेल्या पाण्याच्या दाबाने त्यांची परस्परांवरील पकड सैल होते, आणि खडक व आवरण यांच्या सीमेवर घसरण सुरू होण्यास निमित्त पुरते. अशा जागी पाणी जिरविणे हे माती घालविण्याचे साधन होऊ शकते. तेथे मातीचे रक्षण म्हणजे पाण्याला माती न उचलता, लवकर व सुरक्षित वाटेने खाली जाऊ देणे. जुन्या खाचरांना सांडवा असतो, कडेने पाट असतो, ओहोळ मोकळा ठेवलेला असतो, त्याचे प्रयोजन हेच.

समतल चर वा बांध प्रत्येक डोंगरावर घातकच ठरतात, असा याचा अर्थ करू नये. आवरण पातळ असेल, खडकाला भेगा असतील, उतार मर्यादित असेल, तर तेच उपाय हितावह असतात. आणि अशा कामांच्या तांत्रिक सूचनांत उताराच्या मर्यादा घातलेल्याही असतात. दोष आहे तो घोषणेत व नामात. सूचनेतील मर्यादा अभियंत्याच्या कपाटात राहते, घोषणा मात्र भिंतीवर येते. आणि कामाचे उद्दिष्ट ठरते ते भिंतीवरच्या वाक्यावरून. पर्जन्यछायेत सिद्ध झालेले वाक्य घाटमाथ्यावर जसेच्या तसे नेणे, हे एका बोलीचे व्याकरण दुसऱ्या बोलीवर लादण्यासारखे आहे, फरक इतकाच की येथे चुकीचे प्रायश्चित्त वक्त्याला घ्यावे लागत नाही.

६. पडकई : एका शब्दाचे स्थित्यंतर

या साऱ्या विवेचनाची कसोटी पाहावयाची तर ‘पडकई’ या एका शब्दाचा इतिहास पुरेसा आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम भागातील आदिवासी शेतकऱ्यांत उन्हाळ्यात एकत्र येऊन, एकमेकांच्या जमिनीवर आळीपाळीने राबून, उतारावर भाताची खाचरे बांधण्याची रीत आहे. तीस पडकई म्हणतात. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी अंतिम निर्णय न देताही त्याचे ‘पड’शी असलेले साम्य लक्षात येण्याजोगे आहे. महत्त्वाचे हे की हा शब्द जमिनीच्या प्रकाराचा नाही. तो श्रमाच्या एका व्यवहाराचा आहे. त्यात ऋतू आहे, माणसांची संख्या आहे, परतफेडीची अपेक्षा आहे, आणि मानवी हातांची गती आहे. हाताने दगड रचणारा माणूस मातीच्या खोलीपलीकडे जाऊ शकत नाही. एका उन्हाळ्यात उतार किती बदलेल यालाही त्याच्या श्रमानेच मर्यादा पडते.

पुढे या नावाने शासकीय कार्यक्रम आला. रीतीला मान्यता मिळाली, मजुरीला पैसा मिळाला, हे त्याचे चांगले अंग. पण कार्यक्रमाच्या कागदावर ‘पडकई’ या नामाचा अर्थ व्यवहाराकडून फलाकडे सरकला. किती जमीन सपाट झाली, एवढेच मोजण्याजोगे उरले. फलच मोजावयाचे तर ते हाताने साधले की यंत्राने, याला महत्त्व राहत नाही. आणि या भागात उतारावर यंत्रे चालू लागली. शब्द तोच राहिला, त्यातील माणसे, ऋतू व गती निघून गेली.

३० जुलै २०१४ रोजी पहाटेनंतर आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर झालेल्या चर्चेत एका पक्षाने यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे, म्हणजे पडकईच्या कामांकडे, बोट दाखविले. दुसऱ्या पक्षाने अतिवृष्टी, उताराची तीव्रता व आवरणाचे स्वरूप यांवर भर देऊन पडकईवरचा आरोप अन्यायाचा म्हटला. त्या वादाचा भूवैज्ञानिक निर्णय करणे हे परिभाषेच्या चिकित्सेचे काम नव्हे. पण वादातील एक गोंधळ भाषेचाच होता. आरोप करणारे ज्या पडकईविषयी बोलत होते ती योजना होती. बचाव करणारे ज्या पडकईविषयी बोलत होते ती रीत होती. दोन भिन्न गोष्टींना एक नाव असल्याने दोन्ही पक्ष परस्परांचे खंडन करीत आहेत असे भासले. प्रत्यक्षात ते एका विषयावर बोलतच नव्हते. या गोंधळाची किंमत कोणी मोजली, हे उघड आहे. ज्या रीतीने पिढ्यान् पिढ्या उतार सांभाळला तीच संशयित ठरली, आणि यंत्राच्या वापराला कोणती मर्यादा असावी हा खरा प्रश्न नामाच्या आड राहिला.

येथे उताराच्या व्याकरणाचाही मुद्दा आहे. जुनी खाचरे प्रायः तेथे आहेत जेथे गाळ आपोआप साठतो: ओघळाच्या पायथ्याशी, डोंगराच्या कुशीत. भात ही पाणी धरून ठेवणारी शेती असल्याने तिची जागा खाली, आणि पाणी सोडून देणाऱ्या नाचणी-वरीची जागा वर, ही व्यवस्था उताराला मानवणारी होती. यंत्राने वरकसाचे खाचर केले म्हणजे पाणी धरण्याची जागा वर सरकते. कोष्टकात दोन्ही ‘लागवडीखालील क्षेत्र’च असल्याने हा बदल आकडेवारीत दिसत नाही, दिसला तरी प्रगती म्हणून दिसतो.

७. दोन अहवाल, दोन शब्दकळा

पश्चिम घाटाविषयीच्या अलीकडच्या लेखनात दोन अहवाल प्रमुख होत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० साली नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०११ साली आपला अहवाल दिला; त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ साली नेमलेल्या कार्यगटाने २०१३ साली दुसरा दिला. त्यांवरील वाद बहुतेक बंदी किती व कोठे या अंगाने झाले. मातीच्या दृष्टीने पाहता दोहोंच्या शब्दकळेतच काही उणिवा आढळतात.

पहिल्या अहवालाने सर्व घाटप्रदेश संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभागला, आणि ही विभागणी ग्रामसभांपुढे ठेवून पक्की करावी असे सुचविले. ही सूचना हे त्याचे मोठे बलस्थान होय. कारण उताराचे ज्ञान ज्या भाषेत आहे त्या भाषेत निर्णय व्हावा, ही अपेक्षा तीत आहे. सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत शेतीच्या जमिनीचा बिगरशेती वापर होऊ नये, असेही त्याने म्हटले. परंतु ‘शेती’ व ‘बिगरशेती’ या सीमारेषेमुळे शेतीच्या पोटात होणारे बदल नजरेआड होतात. वरकसाची बाग होणे, वरकसाचे यंत्राने खाचर होणे, हे सारे शेतीतच घडते. तीव्र उतारावर वार्षिक पिकांऐवजी बहुवार्षिक पिकांना उत्तेजन द्यावे, ही त्या अहवालाची सूचना सामान्यतः योग्य असली तरी ‘बहुवार्षिक’ हे विशेषण झाडाचे आयुष्य सांगते, जमिनीवरील आच्छादन सांगत नाही. कातळ फोडून, बाहेरून माती आणून, झाडांमधील गवत साफ करून केलेली बाग बहुवार्षिकच असते. आणि ज्या वरकसावर तीन वर्षे पीक व पुढे गवत असे ती जमीन वार्षिक पिकाची म्हणून वर्ज्य ठरते.

दुसऱ्या अहवालाने उपग्रहांच्या प्रतिमांच्या आधारे प्रदेशाचे ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ असे दोन भूदृश्यांत विभाजन केले आणि एकूण क्षेत्राच्या सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर, संरक्षणासाठी निवडला. वस्ती, शेती व मळे असलेला भाग सांस्कृतिक म्हणून बहुतांशी बाहेर राहिला. विभाजनाची स्पष्टता व गाव हे एकक धरण्याची सोय हे त्याचे गुण आहेत. पण वरकस कोणत्या भूदृश्यात? प्रतिमा नाचणीच्या वर्षी घेतली तर ते सांस्कृतिक, आठ वर्षांच्या झुडपानंतर घेतली तर नैसर्गिक. जी जमीन आळीपाळीने दोन्ही असते तिच्यासाठी या शब्दकळेत जागाच नाही. दळी जमिनींच्या बाबतीत हीच अडचण आधी कायद्यात दिसून आली होती. रान की शेत या प्रश्नाचे एकच उत्तर मागितल्याने पूर्वापार दळीधारक अतिक्रमणदार ठरले, आणि २००६च्या वनहक्क कायद्याने त्यांना दाव्याची वाट दिल्यावरही पुराव्याचा भार त्यांच्यावरच राहिला.

२०१४पासून २०२४पर्यंत या प्रदेशाच्या अधिसूचनेचे मसुदे पुनःपुन्हा प्रसिद्ध झाले. ३१ जुलै २०२४च्या मसुद्यात सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होते. क्षेत्राचा आकडा थोडाफार हलला. शब्द मात्र हलले नाहीत.

८. आक्षेप आणि निष्कर्ष

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. लोकभाषेच्या नावांचा गौरव करणे सोपे आहे. पण ज्या जगात ती नावे जिवंत होती ते जग सुखाचे नव्हते. वरकसावर नाचणी पिकविणारा कष्टकरी खोताचा ऋणको होता. राबासाठी झाडे बोडकी होत. रान राखीव झाल्यावर दळीचा फेरा आखूड झाला व उताराची माती खरोखरच गेली. शिवाय आज वरकस कसणारे हात शहरांत गेले आहेत, बांध ढासळत आहेत, आणि ‘वरकस’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यापुरता उरला आहे. हे सर्व मान्य केले पाहिजे. जुना शब्द परत आणला म्हणजे जुनी माती परत येते, असे कोणी समजू नये.

हिमालयाच्या बाबतीत असाच धडा मिळालेला आहे. डोंगरी शेतकऱ्यांची वाढती संख्या, त्यामुळे जंगलतोड, त्यामुळे धूप, आणि त्यामुळे मैदानातील महापूर, अशी कारणांची साखळी १९७०च्या दशकात सर्वमान्य झाली होती. इव्हज व मेसर्ली यांनी १९८९ सालच्या ग्रंथात तिची कडी न् कडी तपासली तेव्हा अनेक कड्यांना पुरावा तोकडा आढळला. त्यांनी डोंगरातील संकट नाकारले नाही. एकच गोष्ट सर्वत्र घडते असे सांगणारे कथानक नाकारले. सह्याद्रीच्या लेखनालाही हीच शिस्त लागू करावयास हवी, मग ते कथानक खात्याचे असो वा गावाच्या गतवैभवाचे.

म्हणून निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहेत. पहिला, डोंगरी तालुक्यांच्या भूवापर-नोंदीत ‘पड’ व ‘पडीक’ यांचा भेद राखला पाहिजे. जमीन शेवटी कधी पेरली आणि तीवर सध्या काय वाढले आहे, या दोन नोंदी पाच वर्षांच्या ठोकळ मर्यादेहून अधिक उपयोगी ठरतील. दुसरा, योजनांच्या भाषेत धूप आणि दरड हे दोन वेगळे धोके म्हणून यावेत, व पाणी जिरविण्याच्या प्रत्येक कामापुढे उतार व आवरणाची खोली यांची अट नावातच नव्हे तरी उद्दिष्टात तरी लिहिली जावी. तिसरा, लोकांच्या रीतीचे नाव घेणाऱ्या योजनेने त्या रीतीची मर्यादाही घ्यावी. जेथे हाताच्या जागी यंत्र येईल तेथे नाव बदलावे, म्हणजे जबाबदारी कोणाची हे तरी स्पष्ट राहील. चौथा, ज्या अहवालांवर ग्रामसभांनी मत द्यावयाचे ते त्यांच्या भाषेत, आणि त्यांच्या जमिनीच्या नावांत, त्यांच्यापुढे यावेत.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला; २७ मृतदेह हाती लागले व पन्नासाहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. या दोन्ही ठिकाणची कारणे एकसारखी होती असे मानण्यास आधार नाही, आणि शब्द नेमके असते तर ही माणसे वाचली असती असा दावा तर कोणीच करू नये. परंतु कोणता उतार पाणी धरण्यासाठी व कोणता सोडण्यासाठी, हे सांगणारी भाषा या डोंगरांत होती. ती नोंदवहीतून वगळली गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी तितकी नेमकी भाषा तयार झाली नाही. ती तयार करणे हे शास्त्रज्ञांचे आणि भाषाभ्यासकांचे समाईक काम आहे, व ते अद्याप व्हावयाचे आहे.